फक्त हात पाहिलेल्या ताईंच्या गावी

लातूरकडच्या माणसाने कोकणात जाऊन आलो असं सांगितलं, की आमच्याकडे दोन प्रश्न ठरलेले. समुद्रात उतरलात का, आणि शाकाहारी जेवणाचे हाल झाले का. समुद्रात आमचे हे उतरले, तेही मनाविरुद्ध. ते पुढे सांगते. जेवणाचे हाल अजिबात झाले नाहीत. पण मी रत्नागिरीला गेले ती या दोन्हींसाठी नाही. मी एका बाईंना शोधायला गेले होते. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. हात पाहिले होते आणि आवाज ऐकला होता, तो मात्र रोज.

थोडं मागचं सांगायला हवं. मी घरातून साड्या विकते. इरकल, नारायणपेठ, थोड्या सेमी पैठण्या. मोबाइलच्या ग्रुपवर फोटो टाकायचे, बायका त्यावरून पसंत करतात. माझं अडायचं ते फोटोत. फोटोत डाळिंबी दिसलेली साडी हातात पडली की विटकरी निघायची. मोरपंखी म्हणून पाठवलेली सरळसरळ निळी. साड्या परत यायला लागल्या. त्याचं एवढं वाटलं नाही, पण गल्लीतल्याच एकीने देवळात दुसरीला सांगितलं, "शोभाताई दाखवतात एक आन् देतात एक." ते कानावर आल्यावर मी दोन घास जेवले नाही.

पुण्याला असलेली लेक म्हणाली, "आई, फोटोग्राफीचे व्हिडिओ असतात, बघून शीक." बघितले. कुणी हिंदीत भराभर बोलणारे, कुणी बर्फाच्या डोंगरावर उभे राहून बोलणारे. माझ्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटबद्दल कुणी काही सांगत नव्हतं. मग एकदा माधवीताईंचा व्हिडिओ समोर आला. पांढरं टेबल, त्यावर दोन हात, हिरव्या बांगड्या, एक मोबाइल आणि एक कैरी. आवाज मोकळा, शेवटाला थोडा हेलकावा घेणारा. "घाबरायचं नाही हां. मी आता काय करत्ये ते नुसतं बघा."

त्यांचं शिकवणं स्वयंपाकघरातल्यासारखं होतं. कॅमेऱ्यातला कच्चा फोटो म्हणजे कैरी, तिचं लोणचं करायचं की पन्हं हे नंतर ठरवता येतं. रंग वाढवायची पट्टी म्हणजे तिखट, हात आखडता घ्यायचा. फोटोतला उजेड दाखवणारा तो आलेख असतो, त्याला त्या 'डोंगर' म्हणायच्या. डोंगर डाव्या भिंतीला चिकटला की फोटो अंधारात गेला. आणि रंगाचं गुपित म्हणजे, साडीशेजारी एक पांढरा कागद ठेवून फोटो काढायचा, मग एडिटिंगमध्ये तो कागद आधी पांढरा करायचा. मी कागद पांढरा केला आणि माझी डाळिंबी साडी पडद्यावर डाळिंबी झाली. मी यांना हाक मारून दाखवली. हे वायरमन म्हणून निवृत्त झालेले, उजेडाचं त्यांना कळतं. म्हणाले, "मग ती ट्यूब काढू का? खिडकीतला उजेड बरा दिसायलाय." त्या दिवसापासून खिडकीशी साडी धरून उभं राहायचं काम यांच्याकडे.

पुढे एक जुना कॅमेरा घेतला. माधवीताईंच्या व्हिडिओखाली मी प्रश्न लिहायची, त्या उत्तर द्यायच्या. साड्या परत येणं थांबलं. मग पावसाळ्यात त्यांचा आवाज घोगरा यायला लागला. एका व्हिडिओत त्या दर वाक्यामागे खाकरत होत्या, शेवटी "आज एवढंच" म्हणून थांबल्या. त्यानंतर नवा व्हिडिओ आला नाही. मी खाली लिहिलं, "ताई, बऱ्या आहात ना?" उत्तर नाही. माझ्यासारख्या बऱ्याच जणींनी तेच विचारलेलं. कुणालाच उत्तर नाही.

दिवाळी झाल्यावर यांनी समुद्र बघायची टूम काढली. कुठला समुद्र, हे मी ठरवलं. माधवीताई रत्नागिरीच्या, एवढं त्यांच्या व्हिडिओतून कळलं होतं.

आंबा घाटाखाली

कोल्हापूरपर्यंत रेल्वे, तिथून एसटी. घाट उतरताना आधी माती बदलते. आमची काळी, ओली झाली की चपलेला धरून ठेवणारी. इथली लाल, आणि तिच्याखाली जांभा दगड. रस्त्याकडेच्या खाणीत त्याचे चौकोनी चिरे कापत होते. हे खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, "बघ, जमिनीतून विटाच काढायलेत." पठारावर, ज्याला ते लोक सडा म्हणतात, पावसातलं गवत वाळून सोनेरी झालेलं. मी कॅमेरा काढला तोवर वळण आलं, आणि फोटोत फक्त पुढच्या सीटवरच्या माणसाची टोपी आली.

रत्नागिरीत स्टँडजवळ खोली घेतली. पहिल्या जेवणात तांदळाची भाकरी आली, पांढरीशुभ्र, रुमालासारखी मऊ. हे तिला उलटसुलट करून बघत होते. पिठलं मागितलं तर तपकिरी आलं, कुळथाचं. आमच्याकडे ज्यात त्यात शेंगदाण्याचा कूट, तिथे ज्यात त्यात नारळ. बरोबर नेलेली शेंगदाण्याची चटणी आम्ही काढली, तर वाढणाऱ्या बाईंनी चिमूटभर मागून घेतली आणि बदल्यात सोलकढीची आणखी एक वाटी आणून ठेवली. तो गुलाबी रंग बघून मी थांबलेच. 'आमसुली' नावाने मी कितीतरी साड्या विकल्या, पण आमसूल पाण्यात पडल्यावर कसं रंगतं ते आत्ता बघत होते.

संध्याकाळी बाजारात फोटो छापून देणारी एक लॅब सापडली. चालवणारे साळवी म्हणून गृहस्थ होते, चष्मा कपाळावर. मी म्हटलं, "एक आवाज ओळखायचाय." मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यांनी छपाईचं मशीन बंद केलं, एक वाक्य ऐकलं आणि हसले.

"अहो, ही आमची माधवी. माझ्याकडेच एडिटिंग करायची आधी. तुम्ही कुठून आलांत?"

मी सांगितलं. त्यांचं हसू ओसरलं.

"एवढ्या लांबून आलांत खऱ्या. पण ती हल्ली बोलत नाही."

"कुणाशी?"

"कुणाशीच नाही. घशाचं ऑपरेशन झालंय, कोल्हापुरात. जास्त मला माहीत नाही, आणि विचारलंही नाही."

हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आजारी माणसाच्या दारात जाऊन धडकू नको आता." मलाही तेच वाटत होतं. पण साळवींनी तोवर माधवीताईंना मेसेज केला होता, लातूरच्या साडीवाल्या शोभाताई आल्यात म्हणून. उत्तर आलं ते त्यांनी माझ्यापुढे धरलं. 'सकाळी या.'

मांडवीकडची गल्ली

घर चिऱ्याचं, पुढे ओटा, ओट्यावर वाळत घातलेल्या सुपाऱ्या. दार उघडलं ते माधवीताईंनीच. मी त्यांना हातांवरून ओळखलं. चेहरा मी मनात वेगळाच केलेला, गोल आणि ठसठशीत. या बाई उंच, सडपातळ, चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि ओठ हलवले. आवाज आला नाही. मग स्वतःच्याच गळ्याकडे बोट करून मान हलवली.

आतून त्यांच्या सासूबाई आल्या. काकूंना ऐकू कमी येतं, म्हणून त्या स्वतः मोठ्याने बोलतात. "बसा हो, दमलांत ना? हिला बोलायचं नाही हां. डॉक्टरनी सांगितलंय, कुजबुजायचंसुद्धा नाही. तिचं मीच बोलत्ये."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. आवाज बसला तेव्हा सुनेने काढे केले, मीठपाण्याच्या गुळण्या केल्या. उन्हाळ्यातल्या लग्नसराईचं तुंबलेलं एडिटिंग हातात, म्हणून डॉक्टर पुढे ढकलला. शेवटी कोल्हापूरला दाखवलं तर स्वरयंत्रावर गाठ. ती काढली. गाठ तपासायला पाठवली आहे, रिपोर्ट यायचाय. काकूंचा मुलगा, म्हणजे माधवीताईंचा नवरा, बोटीवर असतो, इंजिनरूममध्ये. ऑपरेशनचं त्याला माहीत आहे. "रिपोर्टची वाट बघतोय, तेही माहीत आहे. पण दर्यात सिग्नल लागतो कुठं? लागला की करतो बिचारा फोन."

काकू हे सगळं अशा आवाजात सांगत होत्या की रस्त्यावरच्याला ऐकू जावं, आणि माधवीताई खाली बघून बांगडी फिरवत बसलेल्या. त्या पांढऱ्या टेबलावर औषधांच्या बाटल्या होत्या. मला वाटलं, आपण उठावं. आपण कोण यांच्या? मी तसं म्हटलंही, "ताई, आम्ही निघतो. बरं वाटल्यावर भेटू."

त्यांनी मोबाइल घेतला, भराभर काहीतरी टाइप केलं आणि पडदा माझ्यापुढे धरला. मोठ्या अक्षरात लिहिलेलं. 'थांबा. घरात दोघीच बसून मला भीती वाटते. कॅमेरा आणलाय ना?'

मी पिशवीतून कॅमेरा काढला. त्यांनी तो हातात घेतला, भिंगाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. भिंगावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता. सकाळपासून त्या पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण काकू लगेच म्हणाल्या, "बरं झालं गो बाई, आलीस ती."

भाट्ये

संध्याकाळी आम्ही तिघं भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. एका बाजूला सुरूचं बन, समोर लांबच लांब ओली वाळू. भरती उतरत होती. यांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, "मांजरा धरण भरलेलं असतं तेव्हा असंच दिसतं. फक्त पलीकडचा काठ नाही." मग थोड्या वेळाने, "काठ नाही म्हणजे लईच मोठं झालं की."

मी येताना एक मोरपंखी इरकल आणली होती. समुद्रापुढे तिचा फोटो काढायचा बेत होता. न बोलता शिकवणं कसं असतं ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. माधवीताई माझ्या मागे उभ्या राहायच्या आणि खांद्याला धरून मला वळवायच्या. सूर्याकडे तोंड केलं की हलकी चापट. उजेड बरोबर बाजूने पडला की पाठीवर थाप. खाली बस म्हणून खांदा दाबायच्या. मी बसले, तशी ओल्या वाळूत आभाळ उतरलेलं दिसलं. व्हिडिओत हे त्यांनी सांगितलं होतं, कॅमेरा खाली न्या म्हणून. मी ऐकलं होतं, घरात करूनही पाहिलं होतं. पण फरशीत आभाळ कुठून येणार?

हे साडी पसरून उभे. मी म्हटलं, "थोडं मागे." ते मागे सरले. ताईंनी हाताने अजून मागे असं खुणावलं. तेवढ्यात वारा आला, साडी शिडासारखी फुगली आणि यांच्या हातातून सुटली. सरळ पाण्यावर. हे धावले. आयुष्यात गुडघाभर पाण्यापलीकडे न गेलेला माणूस चपला-पँटसकट लाटेत शिरला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर ताईंनी माझ्या हातातला कॅमेरा वर केला आणि बोटावर बोट दाबलं. काढा. मी बटण दाबत राहिले.

साडी सापडली. एक चप्पल गेली. हे कमरेपर्यंत भिजून, साडीचा बोळा छातीशी धरून बाहेर आले आणि म्हणाले, "खारट आहे खरंच." माधवीताई हसायला लागल्या. हसायचं, पण आवाज करायचा नाही. त्यांनी दोन्ही हातांनी गळा धरला, वाळूत बसल्या आणि खांदे हलत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. मी घाबरून पाणी पुढे केलं. त्यांनी मान हलवली आणि यांच्याकडे बघून पुन्हा खांदे हलायला लागले.

घरी गेल्यावर काकूंनी साडी गोड्या पाण्यातून तीनदा काढली. ताईंनी कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेतले. एका फोटोत हे लाटेत, हात पसरलेले, आणि पुढे पाण्यावर साडीचा हिरवानिळा पंखा. क्षितिज तिरपं झालं होतं, ते त्यांनी सरळ केलं. यांचा चेहरा अंधारात होता, तो थोडा उजळला. मग रंगाच्या पट्टीवर नेलेला माउस माझ्या हाताखाली सरकवला आणि स्वतः हात मागे बांधून बसल्या. मोरपंखी रंग कुठवर न्यायचा ते मी ठरवावं म्हणून. मी हळूहळू वाढवला, थोडा कमी केला आणि थांबले. त्यांनी मान डोलावली. माझ्या हातून घरी किती फोटो चांगले निघाले असतील, पण ती मान समोर कधी डोलली नव्हती.

गणपतीपुळे

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गणपतीपुळ्याला गेलो. काकूंनी यांच्याकडे दूर्वांची जुडी दिली होती, स्वतः निवडलेली. किनाऱ्यालगतचा रस्ता असा आहे की डोंगर चढलं की समुद्र, उतरलं की पुन्हा समुद्र. प्रत्येक वळणावर यांना नवल. नवी चप्पल चावत असल्याने ते बसमध्ये अनवाणीच बसले होते.

देऊळ वाळूतच. आमच्याकडे देवाभोवती फिरतात, इथे अख्ख्या टेकडीलाच प्रदक्षिणा घालतात. सहलीच्या शाळा, उंटावर बसलेली पोरं, शहाळी, पाण्यात पुढे गेलेल्यांना शिट्या मारून मागे बोलावणारे रखवालदार. मोदक खाल्ले, ते पानात पडताच तुपाने चमकत होते. फोटो काढायला एवढं सगळं समोर असून मी कॅमेरा काढला नाही. दूर्वा वाहताना मी स्वतःसाठी काही मागितलंच नाही, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

प्रदक्षिणेत असतानाच ताईंचा मेसेज आला. 'उद्या सकाळी हॉस्पिटलमधून फोन येणार आहे. आईंना फोनवर ऐकू येत नाही. मला बोलता येत नाही. याल का?'

मी लिहिलं, 'येते. पण ताई, फोन मोठ्या आवाजावर ठेवला तर तुम्हालाही ऐकता येईल.'

मग आलं, 'मला आधी ऐकायचं धाडस नाही. तुम्ही ऐका आणि सांगा. गल्लीत कुणाला काही सांगितलेलं नाही.'

मी मोबाइल यांच्याकडे दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आता मागं हटायचं नाही. पण बाईच्या समोर चेहरा सांभाळ. तुझा चेहरा म्हणजे उघडा दरवाजा."

फोन

काकूंनी पोहे केले होते, वर नारळ. कुणी खात नव्हतं. माधवीताई खिडकीशी उभ्या होत्या, बाहेर बघत. मोबाइल टेबलावर माझ्यापुढे. तो वाजला तेव्हा सगळ्यांत आधी काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ऐकू आला नव्हता, माझा हात दचकलेला दिसला होता.

"पेशंट बोलतायत का?" पलीकडून एका मुलीचा आवाज.

"नाही. पेशंटला बोलायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय. मी त्यांच्या वतीने बोलते."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

काय सांगावं? विद्यार्थिनी म्हटलं असतं तर फोन ठेवला असता. "बहीण," मी म्हटलं.

"थांबा, डॉक्टर मॅडमना देते."

मग नुसती खरखर. कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं, ट्रॉलीची चाकं वाजत होती. ताईंची पाठ माझ्याकडे होती. त्यांचा हात खिडकीच्या गजावर होता.

मॅडम आल्या. शांतपणे बोलल्या. "रिपोर्ट आलाय. साधी गाठ होती. कॅन्सर नाही. आवाज जास्त वापरून अशी गाठ होते कधीकधी. तपासणीला या, मग हळूहळू बोलायला सुरुवात करू."

"परत सांगा," मी म्हटलं.

"कॅन्सर नाही, बाई. काळजी करू नका."

मी फोन ठेवला, आणि तोंड उघडलं तर माझाच आवाज फुटेना. चेहरा सांभाळायचा एवढा निश्चय केला होता, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. माधवीताई वळल्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. काकू खुर्ची धरून खाली बसल्या. "काय झालं? काय म्हणाले?" मी मान हलवली, नाही, नाही, म्हणजे तसं नाही, पण त्यांना ती मान काय वाटली असेल देवच जाणे.

हे पुढे आले आणि लातूरच्या बाजारात बोलावं तसे बोलले. "अगं, रडायलीस काय? तोंडानं सांग की!"

"साधी गाठ," मी म्हटलं. "कॅन्सर नाही. काही नाही."

माधवीताई हलल्या नाहीत. मी जवळ गेले आणि तेच पुन्हा सांगितलं, हळू. मग यांनी काकूंच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं, आणि काकूंनी ते शेजाऱ्यांना कळेल इतक्या मोठ्याने उलट विचारलं, "कॅन्सर नाही?" गल्लीत आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, आणि लपवायची गरजही नव्हती. ताईंनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांचा श्वास मला गळ्याशी जाणवत होता. असा श्वास मी माझ्या बाळंतपणानंतर सोडला होता.

नंतर सगळ्यांना एकदम भूक लागली. थंड झालेले पोहे आम्ही परातीतून घेऊन खाल्ले. काकूंनी काळ्या वाटाण्याची उसळ चढवली, घावन घातले, आणि शेजारीण दाराशी आली तिलाही बसवलं. किती घावन खाल्ले ते विसरून हे पुढचा मागत होते.

दुपारी ताईंनी टेबलावरच्या बाटल्या उचलल्या, पांढरा कागद पसरला आणि मोबाइल स्टँडला लावला. मला टाइप करून दाखवलं, 'हात माझे, आवाज तुमचा. सगळ्यांना उत्तर द्यायचंय.' मी घाबरले. माझं बोलणं आमच्याकडचं, लोक हसतील. त्यांनी ते पुसून टाकल्यासारखा हात केला. विषय घेतला तो वाऱ्यात आणि पाण्याकाठी कापडाचा फोटो कसा काढायचा हा. त्या हाताने दाखवत होत्या, मी बोलत होते. मध्येच माझ्या तोंडून "आता मी काय करायले बघा" असं गेलं, आणि मी थांबले. त्यांनी हाताने पुढे चला म्हटलं. तो व्हिडिओ तसाच गेला. खाली लोकांनी विचारलं, ताई आवाज कुणाचा? ताईंनी लिहिलं, माझ्या लातूरच्या बहिणीचा. आता त्या थोडं थोडं बोलतात. आवाज जरा जाड झाला आहे, मोठ्याने हाक मारता येत नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी मला फोनवर अख्खं एक वाक्य ऐकवलं, ते माझ्या साडीच्या फोटोत तिखट जास्त झाल्याचं.

पण त्या दिवसाचं राहिलं. आम्ही निघायला उठलो, हे पिशव्या उचलत होते, तेवढ्यात ताईंचा मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल. ताईंनी पडदा पाहिला आणि तो धावत माझ्याकडे आणला. पडद्यावर पिवळं हेल्मेट घातलेला, काळा पडलेला माणूस. मागे लोखंडी कठडा आणि पाणी.

"तुम्ही कोण?" तो म्हणाला. "माधवी कुठाय? माधवी बरी आहे ना?"

चित्र मध्येच थांबत होतं. सिग्नल जाईल या भीतीने मी ओळखपाळख काही केली नाही. "बऱ्या आहेत. रिपोर्ट आला. साधी गाठ. कॅन्सर नाही," मी एका दमात म्हटलं, आणि कॅमेरा माधवीताईंकडे फिरवला.

त्याने हेल्मेट काढलं. खाली कुठेतरी बसला, कारण चित्रात नुसतं आभाळ आलं, मग पुन्हा चेहरा. तो काही बोलला नाही. ताईंना बोलायचं नव्हतं. काकू सुनेच्या खांद्यावरून वाकून मुलाकडे बघत होत्या, त्यांनाही या वेळी मोठ्याने काही विचारायचं नव्हतं. आमच्या ह्यांनी पिशव्या आवाज न करता खाली ठेवल्या. मी मोबाइल धरून उभी राहिले, हात दुखायला लागला तरी हलवला नाही. सिग्नल बराच वेळ टिकला.